औषध गेलं, पण खूण राहिली!

मुलांनो, आज एक कोडं घालते. एका घरात चोर शिरला. त्याने आपलं काम उरकलं आणि तो पसार झाला. मग पोलीस आले. त्यांनी माळा पाहिला, कपाटं उघडली, पलंगाखाली वाकून पाहिलं. चोर काही सापडला नाही. तेव्हा त्यांनी वहीत लिहून टाकलं, 'घरात चोर नाही, म्हणजे चोरी झालीच नाही!'

कसे वाटले हे पोलीस? हसू आलं ना? अहो, चोर पळून गेला तरी फरशीवर त्याच्या पावलांचे ठसे राहतात, दाराच्या कडीवर बोटांचे ठसे राहतात. ते कोण पाहणार?

पण गंमत पाहा. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांतही एके काळी असंच काहीसं चाललं होतं. तिथला चोर होता एक औषध आणि घर होतं कोंबडीचं शरीर! ही गोष्ट खरी घडलेली आहे, आणि ती तुमच्या-आमच्या ताटापर्यंत येऊन पोचते. तुमच्यापैकी जे कोंबडी किंवा अंडी खात नाहीत, त्यांनीही ती वाचावी. का, ते पुढे कळेलच.

कोंबडीला औषध कशाला?

आजीच्या परसात पाच-सहा गावरान कोंबड्या असतात. दिवसभर उकिरडा उकरतात, संध्याकाळी खुराड्यात जातात. पोल्ट्रीत मात्र एका छपराखाली हजारो पक्षी राहतात. एकाला हगवण लागली की दोन-चार दिवसांत ती सगळ्या शेडमध्ये पसरते. मालकाचं मोठं नुकसान होतं. म्हणून जनावरांचे डॉक्टर पक्ष्यांना औषध देतात. त्यात काही औषधं जंतूंना मारणारी असतात. त्यांना प्रतिजैविकं किंवा अँटिबायोटिक म्हणतात.

आजारी पक्ष्याला औषध देणं यात काहीच वाईट नाही. पण दोन नियम पाळावे लागतात. पहिला, औषध परवानगी असलेलंच हवं. दुसरा, औषध बंद केल्यावर काही दिवस थांबायचं. तेवढ्या दिवसांत ते पक्ष्याच्या शरीरातून निघून जातं. मगच पक्षी विकायचा. आता अडचण काय होते बघा. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांतच विकायला तयार होते. बाजारात भाव चढलेला असतो, व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असते. अशा वेळी 'अजून चार दिवस थांबा' म्हणणं सोपं नसतं. शिवाय काही ठिकाणी पक्षी आजारी नसतानाही रोज खाद्यात औषध मिसळत. रोग येऊच नये आणि वजन लवकर वाढावं, हा हेतू. अशा पक्ष्याच्या मांसात किंवा अंड्यात औषधाचा जो थोडासा अंश उरतो, त्याला 'अवशेष' म्हणतात.

पिवळी भुकटी

आपल्या गोष्टीतल्या औषधांचं नाव नायट्रोफ्युरान. हा चार भावंडांचा गट आहे. त्यातल्या एकाचं नाव फ्युराझोलिडोन. दिसायला पिवळी भुकटी, किमतीला स्वस्त आणि गुणाला चांगली. कोंबड्यांना, डुकरांना, तळ्यातल्या कोळंबीला ती सर्रास दिली जाई.

पुढे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना ही औषधं दीर्घकाळ देऊन पाहिली. काही प्राण्यांच्या शरीरात गाठी झाल्या, कर्करोगाच्या गाठी. मग प्रश्न आला, माणसाच्या अन्नात हे औषध किती असलं तर चालेल? तज्ज्ञांना सुरक्षित असं कोणतंच प्रमाण ठरवता येईना. तेव्हा सरळ बंदी घालणं हाच मार्ग उरला. अमेरिकेने १९९१ साली फ्युराझोलिडोन कोंबड्या-डुकरांसाठी बंद केलं. युरोपातल्या देशांनी १९९५ पर्यंत चारही भावंडांना अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांपासून दूर केलं.

बंदी घातली, प्रश्न मिटला! असं सगळ्यांना वाटलं. पण बंदी पाळली जाते की नाही, हे तपासायचं कसं?

तपासतात, पण सापडत नाही

प्रयोगशाळेत मांसाचा तुकडा आणायचा आणि त्यात फ्युराझोलिडोन आहे का ते पाहायचं. सोपं आहे की नाही? पण हे औषध मोठं चपळ. कोंबडीच्या पोटात गेल्यावर काही तासांतच ते मोडून जातं. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलात तर मूळ औषध जवळजवळ उरलेलंच नसतं. त्यामुळे ज्या कोंबडीला औषध दिलं, तिचा अहवालही 'स्वच्छ' येऊ शकत होता. आपले मघाचे पोलीस आठवले ना?

मग काही शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. औषध मोडतं, म्हणजे नाहीसं होतं का? की त्याचे तुकडे कुठेतरी दडून बसतात? शोध घेतल्यावर लक्षात आलं की काही तुकडे कोंबडीच्या मांसातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून बसतात. गवतातून चालताना कपड्यांना कुसळं चिकटावीत तसे. आणि ते तासांत नव्हे, कित्येक आठवडे राहतात. चारही औषधांचे तुकडे वेगवेगळे असतात, त्यामुळे तुकड्यावरून औषध ओळखता येतं. ठसा सापडला!

हा ठसा सोडवायची रीतही ऐकण्यासारखी आहे. मांसाचा बारीक वाटलेला नमुना सौम्य आम्लात घालून, कोमट ठेवून, रात्रभर मुरू देतात. आम्लामुळे तुकडे प्रथिनांपासून सुटतात. त्याच वेळी त्यात दुसरं एक रसायन घातलेलं असतं. ते सुटलेल्या तुकड्याला जोडलं जातं आणि तुकडा थोडा मोठा, म्हणजे ओळखायला सोपा होतो. दुसऱ्या दिवशी एक यंत्र रेणूंचं जणू वजन करून सांगतं, 'हो, हाच तो!'

२००२ साली काय झालं?

ही नवी तपासणी वापरात आली आणि युरोपात खळबळ उडाली. तिथल्या तयार खाद्यपदार्थांसाठी थायलंड आणि ब्राझीलहून जहाजं भरभरून कोंबडीचं मांस येत असे. २००२ साली त्यात नायट्रोफ्युरानचे ठसे सापडले. थायलंडच्या कोळंबीतही सापडले. बंदी असलेलं औषध कुणीतरी अजून देत होतं!

मार्च २००२ मध्ये युरोपीय संघाने आदेश काढला, की थायलंडहून आलेला कोंबडीचा आणि कोळंबीचा प्रत्येक माल बंदरावर तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या कोंबडीलाही तोच नियम लागला. माल अडकला, परत गेला. औषध थोड्यांनी वापरलं असेल, पण झळ नियम पाळणाऱ्यांनाही लागली. मग या देशांनाही आपल्या तपासण्या कडक कराव्या लागल्या.

'बघा, परदेशी माल असाच असतो!' असं तिथे काहीजण म्हणाले असतील. पण थांबा. पुढच्याच वर्षी, २००३ साली, पोर्तुगालच्या कोंबड्यांत हेच ठसे सापडले. पोर्तुगाल तर युरोपीय संघातलाच देश! म्हणजे प्रश्न माल परदेशी की स्वदेशी हा नव्हता. तपासणी होते की नाही, हा होता.

चारशे पोत्यांत एक दाणा

नव्या नियमानुसार प्रयोगशाळेला किती बारीक ठसा ओळखता आला पाहिजे, ठाऊक आहे? एक किलो मांसात एक मायक्रोग्रॅम. म्हणजे एक अब्ज भागांत एक भाग. कळलं नाही? चला, तांदूळ घेऊन हिशेब करू.

बारीक तांदळाचे हजार दाणे साधारण वीस ग्रॅम भरतात. म्हणजे एका किलोत पन्नास हजार दाणे. पन्नास किलोच्या पोत्यात पंचवीस लाख. आता एक अब्ज, म्हणजे शंभर कोटी दाण्यांसाठी किती पोती लागतील? भागाकार करा पाहू. उत्तर येतं चारशे! चारशे पोत्यांत एकच काळा दाणा आहे आणि तो शोधायचा आहे. नोव्हेंबर २०२२ पासून युरोपने ही मर्यादा आणखी निम्मी केली. म्हणजे आता आठशे पोत्यांत एक दाणा!

आणि ठसाच चुकवतो तेव्हा...

पण पोलिसाने ठशालाही डोळे मिटून भुलू नये. नायट्रोफ्युरानच्या एका भावंडाचा तुकडा सेमिकार्बाझाइड या नावाचा असतो. २००३ साली हाच तुकडा चक्क काचेच्या बाटल्यांत भरलेल्या लहान बाळांच्या खाऊत सापडला. सगळे चक्रावले. बाळाच्या खिमटीत कोंबडीचं औषध कुठून आलं?

शोधता शोधता कळलं, की दोष औषधाचा नव्हताच. बाटलीच्या झाकणाला आतून मऊ प्लॅस्टिकची चकती असते ना, ती फुगवण्यासाठी जे रसायन वापरत, त्यापासून हा पदार्थ तयार होत होता. ऑगस्ट २००५ पासून युरोपात अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये ते रसायन वापरणं बंद झालं. बघा, ठसा दिसला म्हणून लगेच कुणाला चोर ठरवलं असतं, तर खरं कारण कधीच कळलं नसतं.

आपल्याकडे काय?

दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने २०१४ साली दिल्ली आणि आसपासच्या भागातले कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. त्यांतल्या शंभरात चाळीस नमुन्यांत कोणत्या ना कोणत्या प्रतिजैविकाचे अवशेष होते. ही औषधं नायट्रोफ्युरानपेक्षा वेगळी होती. पण त्यांतली काही माणसांच्या आजारातही वापरली जातात.

इथे दुसरा धोका येतो, आणि तो कोंबडी न खाणाऱ्यांनाही आहे. थोडं थोडं औषध सतत मिळालं की बहुतेक जंतू मरतात, पण काही चिवट जंतू वाचतात. त्यांचीच पिलावळ वाढते. त्या जंतूंवर मग ते औषध चालत नाही. असे जंतू पोल्ट्रीतच बसून राहत नाहीत. विष्ठेबरोबर शेतात जातात, पाण्यात जातात, माणसांच्या हातावर येतात. उद्या एखादं मूल आजारी पडलं आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध लागूच पडलं नाही तर? कोलिस्टिन नावाचं औषध दवाखान्यात अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात. ते कोंबड्यांच्या खाद्यातही घातलं जाई. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरता त्यावर बंदी घातली. २०२५ साली क्लोरॅम्फेनिकॉल आणि आपल्या गोष्टीतली नायट्रोफ्युरान औषधं, यांची अशा प्राण्यांसाठी होणारी आयात, निर्मिती आणि विक्रीही बंद केली.

मग आपण काय करायचं?

पहिलं म्हणजे घाबरायचं नाही. एका जेवणाने कुणी लगेच आजारी पडत नाही. काळजी असते ती वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात जाण्याची. म्हणून 'उद्यापासून अंडं बंद' असा हट्ट आईजवळ धरू नका!

दुसरं, कोंबडी आणि अंडी नीट शिजवूनच खायची. शिजवल्याने जंतू मरतात. मात्र नायट्रोफ्युरानचे ठसे भाजून, तळून किंवा उकडून फारसे जात नाहीत. त्यांचा बंदोबस्त स्वयंपाकघरात होऊच शकत नाही. तो पोल्ट्रीत आणि प्रयोगशाळेतच व्हायला हवा. म्हणून पालकांनो, स्वस्त-महाग विचारताना 'माल कुठल्या पोल्ट्रीचा?' हेही विचारत चला. ग्राहक विचारू लागला की विकणाराही मागे विचारतो.

तिसरं, ज्यांच्या घरी पोल्ट्री आहे त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नये. मानमोडी हा विषाणूचा रोग आहे. त्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नाही, वेळेवर लस हवी. आपल्या घरातल्या उरलेल्या गोळ्या तर कोंबड्यांना मुळीच घालू नका. औषध दिलंच, तर कधी दिलं, कधी बंद केलं आणि किती दिवस थांबायचं, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं. हे काम तुम्ही मुलं छान करू शकता. अक्षर मात्र सुवाच्य हवं हं!

आता एक गृहपाठ. सुट्टीत गावी गेलात आणि जवळ पोल्ट्री असेल, तर मोठ्या माणसांबरोबर जा आणि मालककाकांना नम्रपणे तीन प्रश्न विचारा. पक्षी आजारी पडले तर तुम्ही कुणाला बोलावता? औषध दिल्यावर विकायला किती दिवस थांबता? त्याची नोंद कुठे ठेवता? पुष्कळ काका आनंदाने वही काढून दाखवतील. उत्तरं लिहून आणा आणि शाळा सुरू झाली की वर्गात वाचून दाखवा. आणि हो, चारशे पोत्यांचा तो भागाकार वहीत करायला विसरू नका!