बक्षिसाचा घास बदलून पाहा
घरात बिस्किटासाठी मुकाट बसणारा कुत्रा नोएडाच्या रस्त्यावर खार दिसताच हाकेला दाद देत नाही. दोष त्याचा नाही, रोजच्या बिस्किटाची नवलाईच संपलेली असते! घरातल्या सोप्या धड्यांना गाजराचा तुकडा पुरे. पण वाहनांच्या गर्दीत हाकेसरशी परत येणे हा जिवाचा प्रश्न. त्यासाठी उकडलेले चिकन किंवा पनीर राखून ठेवावे, कधी हे, कधी ते. तुकडा वाटाण्याएवढा, तोही आल्याबरोबर द्यावा आणि तेवढे जेवण कमी करावे. सराव पक्का होईपर्यंत पट्टा सोडू नये. दिल्लीच्या मे महिन्यात पनीर खिशात फार वेळ टिकत नाही, हेही ध्यानात असू द्या. चॉकलेट, कांदा कधीच नको. दिवाळीत घरोघरी येणाऱ्या सुक्या मेव्याच्या डब्यातला बेदाणाही नको; त्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.