अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी व अन्ननलिकेस होणारी इजा

सांधेज्वरामुळे आकसलेली हृदयाची झडप फुग्याने रुंदावण्यापूर्वी डाव्या अलिंदात रक्ताची गुठळी नाही, याची खात्री करावी लागते. छातीवरून केलेल्या तपासणीत ती पुष्कळदा दिसत नाही. अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या अगदी मागून जात असल्याने शोधक नळी घशातून उतरवून हृदय पाहिले जाते. हीच 'टीईई' होय.

ही तपासणी सुरक्षित मानली जाते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ७,२०० हृदयशस्त्रक्रियांच्या अभ्यासात गुंतागुंत केवळ ०.२ टक्के आढळली. मात्र २०२० मधील एका अभ्यासात नळी आत ठेवून हृदयावर उपचार केलेल्या ५० रुग्णांची अन्ननलिका दुर्बिणीने पाहिली असता ८६ टक्क्यांत नवी इजा दिसली. पहिल्या अभ्यासात मुख्यतः जाणवलेला त्रास मोजला गेला, दुसऱ्यात प्रत्यक्ष अन्ननलिका पाहिली गेली. तफावतीचे एक मोठे कारण हेच असावे.

नळीचे टोक वाकलेल्या स्थितीत दीर्घकाळ दाबून राहिल्यास अस्तर खरचटते, क्वचित भिंत फाटते. भूल दिलेला रुग्ण वेदना सांगू शकत नाही. अन्ननलिकेस बाहेरचे मजबूत आवरण नसल्याने फाटल्यावर जंतुसंसर्ग छातीत पसरतो.

भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर, लाखांदूर त्याहून दूर. नागपुरात तपासणी करून घरी परतलेल्या रुग्णास गिळताना तीव्र वेदना, ताप, छातीत दुखणे वा मानेवर सूज जाणवल्यास 'घसा सोलवटला असेल' म्हणून थांबणे धोक्याचे ठरते. पहिल्या २४ तासांत निदान झाल्यास जगण्याची शक्यता बरीच अधिक असते.