सशर्त संभाव्यता व स्वतंत्र घटना : धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू शेतीच्या संदर्भात

प्रस्तावना :
धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथील बहुतांश शेती कोरडवाहू असून ती मोसमी पावसावर अवलंबून आहे. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागावे म्हणून शेतकरी सोयाबीनसोबत तूर पेरतो. ही खबरदारी कितपत तारून नेते, हे समजण्यासाठी संभाव्यताशास्त्रातील दोन संकल्पना उपयुक्त ठरतात.

संकल्पना :
'ब' ही घटना घडली आहे हे ज्ञात असताना 'अ' घडण्याच्या संभाव्यतेस सशर्त संभाव्यता असे म्हणतात. दोन्ही घटना एकत्र घडण्याच्या संभाव्यतेस 'ब'च्या संभाव्यतेने भागले असता ती मिळते. 'ब' घडल्याच्या माहितीने 'अ'ची संभाव्यता बदलत नसेल, तर त्या घटना स्वतंत्र होत. अशा वेळीच दोहोंच्या संभाव्यतांचा थेट गुणाकार करता येतो.

स्पष्टीकरण :
समजा, सोयाबीन बुडण्याची संभाव्यता १/४ व तूर बुडण्याची १/५ आहे. (हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.) घटना स्वतंत्र मानल्यास दोन्ही पिके बुडण्याची संभाव्यता १/२० येते, म्हणजेच सरासरीने वीस वर्षांतून एकदा. परंतु दोन्ही पिकांचा आधार एकच पाऊस आहे. सोयाबीन बुडालेल्या वर्षी तूरही बुडण्याची सशर्त संभाव्यता ३/५ असेल, तर हीच संभाव्यता १/४ × ३/५ = ३/२० होते. जोखीम तिप्पट असूनही ती एकपट समजली जाते. अर्थात, तुरीचे मूळ खोल जाते व ती उशिरा तयार होते. त्यामुळे आंतरपीक निरर्थक ठरत नाही; त्याचे संरक्षण मात्र अपेक्षेपेक्षा कमी असते.

गतवर्ष कोरडे गेले म्हणून यंदा पाऊस पडणारच, हा समजही तपासून पाहावा लागतो. वर्षे परस्परांपासून स्वतंत्र मानली तरी गतवर्षीच्या अवर्षणाने यंदाची संभाव्यता कमी होत नाही. मराठवाड्यात २०१४ व २०१५ ही लागोपाठची वर्षे अवर्षणाची गेली आणि २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०१५ हे एल निनोचे वर्ष होते. एल निनो असताना अवर्षणाची सशर्त संभाव्यता वाढते. तथापि १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही देशात पाऊस सर्वसाधारण झाला. सशर्त संभाव्यता म्हणजे निश्चिती नव्हे.

निष्कर्ष :
एकाच कारणावर अवलंबून असलेल्या घटना स्वतंत्र मानल्यास संकटाचा अंदाज कमी येतो. म्हणून पिकांच्या विविधतेस पीकविमा, बचत व पावसावर अवलंबून नसलेल्या उत्पन्नाची जोड देणे हिताचे ठरते.