पोटाची बखर – भाग ६ : दाबून धरलेली कळ

मागच्या भागात पित्त झालं, आता बद्धकोष्ठ. रात्री झोपताना चमचाभर चूर्ण, सकाळी कोमट पाणी, त्यात लिंबू, त्यावर चहा, आणि एवढं करूनही ‘आज काही झालंच नाही’ ही कुरकुर. ती ज्या घरात ऐकू येत नाही, असं घर शोधावं लागेल. हे सगळे उपाय तोंडावाटे आत जाणारे आहेत. कारण मात्र पुष्कळदा पोटात नसतंच. ते घड्याळात असतं, नाहीतर जवळपास स्वच्छ आणि आतून कडी लागणारा संडास आहे की नाही, यात असतं.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. लहान आतड्याकडून त्याच्याकडे रोज एक ते दीड लिटर पातळ ऐवज येतो. त्यातलं बहुतेक पाणी शोषून घेणं हे त्याचं काम. मल तिथे जितका रेंगाळेल तितकं पाणी शोषलं जाणार आणि तितका तो कोरडा, कठीण होणार. हे आतडं रात्रभर जवळजवळ स्वस्थ असतं. जाग आली की त्याची हालचाल वाढते, आणि पोटात काही पडलं की आणखी वाढते, कारण जठर ताणलं गेल्याची वर्दी मज्जातंतू आणि संप्रेरकांमार्फत मोठ्या आतड्यापर्यंत पोचते. म्हणून उठल्यानंतरचा आणि चहा-नाश्त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास ही दिवसातली सर्वांत सोयीची वेळ.

नेमक्या याच वेळी विरारचा किंवा बदलापूरचा माणूस स्टेशनच्या वाटेवर असतो. त्याची बायको दोन डबे भरते, एका मुलाला बसपर्यंत सोडते आणि मग स्वतःच्या गाडीमागे धावते. नाश्ता झालाच तर उभ्याउभ्या होतो. चाळीत असाल तर मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे रांग, फ्लॅटमध्ये असाल तर एकाच दारावर आतल्याला हाका. अशा घरात निवांतपणा सकाळी मिळत नाही, आणि रात्री मिळतो तेव्हा आतडं झोपायला निघालेलं असतं.

कळ आली आणि आपण ती दाबली, की पुढे काय होतं? गुदाशयात मल आला की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि आतला झडप-स्नायू आपोआप सैल होतो. बाहेरचा स्नायू आपल्या हुकमतीत असतो. तो आवळून धरला की काही मिनिटांत गुदाशय त्या भाराशी जुळवून घेतो आणि कळ विरते. माणसाला वाटतं, सुटलो. मल मात्र तिथेच वाळत बसतो. हेच रोज घडत गेलं तर पुढे त्याच ताणाला गुदाशय दादच देत नाही. कळ यायला आणखी मोठा साठा लागतो. म्यूनिकच्या डॉक्टरांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १२ निरोगी पुरुषांनी काही दिवस मुद्दाम संडासला जाणं टाळलं. तेवढ्यानेच त्यांच्या मोठ्या आतड्यातून मल पुढे सरकायला लागणारा वेळ वाढला, आणि तोही फक्त शेवटच्या टोकाला नाही, तर उजव्या बाजूला, आतड्याच्या सुरुवातीलासुद्धा. निरोगी माणूस बद्धकोष्ठ ‘शिकू’ शकतो, असा याचा अर्थ.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायाची सुरुवातच या विषयाने होते. त्याचं नाव ‘नवेगान्धारणीय’. जे वेग अडवू नयेत असे तेरा वेग त्यात सांगितले आहेत आणि मलमूत्राचे वेग त्यात अग्रभागी आहेत. आयुर्वेदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णाच्या डब्यावर हा अध्याय कुणी छापत नाही, हे ओघाने आलंच.

पण वेग अडवू नका, हे सांगायचं कुणाला? मंडईत दिवसभर बसणारी भाजीवाली, बंदोबस्ताला उभी असलेली महिला पोलीस, फडावरची ऊसतोड कामगार, यांना कळ दाबण्यावाचून गत्यंतर नसतं. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेली ‘राइट टू पी’ चळवळ बायकांसाठी मोफत आणि सुरक्षित मुतारी मागत होती. संडासचा प्रश्न त्याच दाराआड आहे. जायला जागा नाही म्हणून बायका पाणी कमी पितात, सकाळचं खाणंही टाळतात. म्हणजे आतडं जागं करणारी गोष्टच वगळली जाते. अशा बाईला ‘भरपूर पाणी प्या’ असा सल्ला देणाऱ्याने आधी तिच्या कामाच्या जागेचा संडास पाहून यावा.

मुलांचं तर आणखी अवघड. शाळेतला संडास घाण, कडी तुटलेली, बाहेर पोरं हसायला उभी. मूल घरी येईपर्यंत थांबतं. मल कडक होतो, जाताना दुखतं, क्वचित चीर पडून रक्तही येतं. दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी थांबतं: पायांची अढी घालतं, टाचा वर करून उभं राहतं, पडद्याआड जातं. ते जोर करतंय, असं घरच्यांना वाटतं. खरं तर ते जोर लावून अडवत असतं. असं साचत गेलं की कडक गोळ्याच्या कडेने पातळ मल झिरपतो आणि चड्डी खराब होते. आता घरचे म्हणतात, जुलाब लागलेत. जुलाब थांबवायचं औषध आणतात किंवा एवढं मोठं होऊनही कळत नाही म्हणून रागावतात. दोन्हींनी दुखणं वाढतं. या मुलाला साठलेलं मोकळं करणारं आणि पुढे काही महिने मल मऊ ठेवणारं औषध लागतं. ते बालरोगतज्ज्ञांनी द्यायचं. त्यासोबत जेवणानंतर पाच-दहा मिनिटं, पायांखाली पाट ठेवून, धाक न दाखवता बसवायचं.

तो पाट मोठ्यांनाही उपयोगी आहे. एक स्नायू गुदाशयाला मागून विळखा घालून पुढे ओढून धरतो, त्यामुळे वाटेत कोन तयार होतो. उकिडवं बसलं की हा कोन बराच सरळ होतो. इस्रायलमधल्या डॉव्ह सिकिरोव्ह यांनी २००३ साली २८ माणसांवर केलेली नोंद अशी: पोट साफ व्हायला उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद, नेहमीच्या कमोडवर १३० सेकंद. अभ्यास छोटा आहे, पण जुन्या पद्धतीचा संडास फोडून कमोड बसवण्याची घाई, गुडघे धड असतील तर, मला तरी पटत नाही. आणि कमोडवर मोबाइल नको. पोट साफ झाल्यावरही माणूस तिथे बसून राहतो, खालच्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याधीची शक्यता वाढते.

आता खाणं. पोळी सोडून भाकरी खा, हा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅमला ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत, बाजरीत साडेअकरा आणि गव्हाच्या कणकेतही ११ च्या पुढे. म्हणजे घरची पोळी निर्दोष आहे. दोष मैद्याचा आणि पांढऱ्या तांदळाचा: दोन्हींत तीनच्या आतबाहेर. खारी, पाव, बिस्किटं आणि दोन्ही वेळ भात, असं ताट झालं की जागतिक आरोग्य संघटना सांगते ते दिवसाचे किमान २५ ग्रॅम तंतू गाठणं कठीणच. अख्ख्या मुगात १७ आणि हरभऱ्यात २५ ग्रॅम असतात, तेव्हा रोजची वाटीभर उसळ पुष्कळ काम करते.

इसबगोल पाणी धरून फुगतं. ते पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायचं. मात्र ज्याचा मल दाराशीच अडला आहे, त्याला वरून आणखी भर घातल्याने पोट नुसतं फुगतं. पुष्कळ चूर्णांत असते त्या सोनामुखीची गोष्ट वेगळी. ती आतड्याला आकुंचन पावायला लावते आणि दोन-तीन दिवसांचं एकदम बाहेर काढते. दुसऱ्या दिवशी आतडं रिकामंच असतं, त्यामुळे काही होत नाही. ते साहजिक आहे. माणूस घाबरून पुन्हा चूर्ण घेतो. पोट दिवसातून तीनदा साफ होवो की आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही चालतं, त्रास होत नसेल तर.

चूर्ण बदलण्याआधी घरातला गोळ्यांचा डबा तपासावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं, ॲल्युमिनियम असलेली आम्लनाशकं आणि नैराश्यावरची काही औषधं आतडं मंद करतात. थायरॉइड कमी पडत असेल तरीही तेच. मलात रक्त, वजन घटणं, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास सवयीत अचानक बदल झाला, तर घड्याळ-संडास सोडून थेट डॉक्टरांकडे जावं.

काहींना जोर करताना बाहेरचा स्नायू सैल सोडताच येत नाही. उलट आवळला जातो. वर्षानुवर्षं दाबून धरलेल्यांमध्ये हे दिसतं. यावर गोळी नाही, व्यायाम आहे. गुदद्वारातला दाब पडद्यावर दाखवून तो स्नायू केव्हा सोडायचा हे रुग्णाला शिकवतात. मोठ्या शहरांतल्या काही पोटविकार विभागांत ही सोय आहे. चूर्णांवर दहा-दहा वर्षं काढलेले लोकही काही बैठकांत सुधारतात.

(पुढच्या आठवड्यात : रात्रपाळी आणि पोट)