अल्पायुषी संगीतकार आणि चरित्रपट

उद्दिष्टे

हा उपघटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• अल्पायुषी कलावंताच्या चरित्रपटात मृत्यूला कोणते स्थान दिले जाते, हे सांगता येईल.
• चरित्र आणि चरित्रपट यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• आपल्या परिसरातील कलावंताची चरित्रात्मक नोंद लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बीड जिल्ह्यातील एखाद्या गावात भजनी मंडळाचा तरुण गायक अकाली गेला, तर पारावर बसलेली माणसे त्याचे चरित्र एका वाक्यात सांगतील : ‘गळा फार गोड होता, देवाने लवकर नेले.’ या वाक्यात शोक आहे, तसाच एक कार्यकारणभावही आहे. गळा गोड होता, म्हणून देवाने नेले! आजार कोणता होता, दवाखाना किती दूर होता, मागे कोण उरले, हे प्रश्न त्या वाक्यात मावत नाहीत. ऐकणाऱ्याला सांत्वन मिळते. परंतु गेलेल्या माणसाचे आयुष्य मात्र त्याच्या मृत्यूची पूर्वतयारी असल्यासारखे भासू लागते. अल्पायुषी संगीतकारांवरील चित्रपट पुष्कळदा याच वाटेने जातात.

२. शेवटाकडून रचलेली कथा

चरित्रकाराला शेकडो पाने उपलब्ध असतात. दिग्दर्शकाजवळ दोन-तीन तास असतात. नायक लवकर जाणार, हे प्रेक्षकाला बहुधा आधीच ठाऊक असते. त्यामुळे प्रसंगांची निवड शेवटाकडे पाहून केली जाते आणि मृत्यूला एक ‘कारण’ पुरवले जाते.

मिलॉश फोरमन यांच्या ‘अमाडिअस’ (१९८४) या चित्रपटात ते कारण म्हणजे मत्सर. मोझार्ट १७९१ साली, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. चित्रपटातील सालिएरी त्याच्या प्रतिभेने होरपळतो आणि त्याच्या अंतास कारणीभूत ठरतो. प्रत्यक्षात सालिएरीने मोझार्टला मारल्याचा पुरावा नाही. उलट मोझार्टचा धाकटा मुलगा पुढे त्याच्याचकडे शिकला.

विजय भट्ट यांच्या ‘बैजू बावरा’मध्ये (१९५२) हे कारण प्रेम आहे. तानसेनाला जिंकणारा बैजू शेवटी गौरीसह नदीत बुडतो. परंपरा मात्र बैजूचा संबंध ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमराशी जोडते. मानसिंहाचे निधन १५१६ सालचे आणि अकबराचे राज्यारोहण १५५६ सालचे. म्हणजे अकबराच्या दरबारातील ही स्पर्धा इतिहासापेक्षा आख्यायिकेच्या अधिक जवळची आहे. या प्रसंगात पडद्यावरील बैजूला आवाज दिला तो पंडित द. वि. पलुसकर यांनी. नाशिकला जन्मलेले हे थोर गायक चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, १९५५ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी गेले. कल्पित मृत्यू लाखो प्रेक्षकांना आठवतो. तो गळा ज्याचा होता, त्याचा खरा अकाली मृत्यू किती जणांना ठाऊक आहे?

३. मास्टर दीनानाथ : दुसऱ्याच्या चित्रपटातील कलावंत

मराठीतील एक वेगळे उदाहरण पाहू. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निवर्तले, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते आणि त्यांची थोरली कन्या लता अवघी बारा वर्षांची होती. निपुण धर्माधिकारी यांच्या ‘मी वसंतराव’ (२०२२) या चित्रपटात दीनानाथ येतात, ते तरुण वसंतराव देशपांडे यांचे आदर्श म्हणून. येथे त्यांचा मृत्यू हा कथेचा कळस नाही. त्यांच्या गायकीतले काय पुढच्या पिढीत उतरले, हे दाखवणे चित्रपटाला महत्त्वाचे वाटते. ही या मांडणीची जमेची बाजू होय.

तिला मर्यादाही आहे. वसंतरावांना जेवढे दीनानाथ भेटले, तेवढेच आपल्याला दिसतात. दीनानाथांनी वयाच्या अठराव्या वर्षी, १९१८ साली, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. ‘भावबंधन’, ‘रणदुंदुभि’, ‘संन्यस्त खड्ग’ अशी नाटके या मंडळीने रंगभूमीवर आणली. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक तिकडे वळू लागला. मग मंडळी स्वतःच चित्रपटाकडे वळली. ‘कृष्णार्जुन युद्ध’ (१९३४) निघाला, पण आर्थिक घडी बसली नाही. ज्या माध्यमाच्या आगमनाने त्यांची रंगभूमी खिळखिळी केली, त्याच माध्यमातून आज नवा प्रेक्षक त्यांना ओळखतो.

आता वसंतरावांकडे पाहा. जन्म १९२० चा. लष्करी हिशेब खात्यात अनेक वर्षे नोकरी. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले ते १९६७ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी. दीनानाथांएवढेच आयुष्य त्यांना लाभले असते, तर खाँसाहेबांची ती भूमिका घडलीच नसती आणि हा चित्रपटही बहुधा निघाला नसता. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी : अकाली मृत्यू कलावंताला मोठे करत नाही, तो त्याचे पुढचे काम हिरावून घेतो. म्हणून चरित्रलेखकाने आयुष्य जन्माकडून पुढे वाचावे. त्या माणसाला स्वतःचा शेवट ठाऊक नव्हता. त्याने घेतलेला प्रत्येक निर्णय उद्याच्या भरवशावर घेतलेला होता.

४. सारांश

अल्पायुषी संगीतकाराचा चरित्रपट पाहताना तीन प्रश्न विचारावेत. मृत्यूचे कारण नोंदीतून आले आहे की कथेच्या गरजेतून? कलावंताचे रोजचे काम (रियाज, बिदागी, दौरे, कर्ज) पडद्यावर किती दिसते? त्याच्या मागे उरलेल्यांचे काय झाले? या प्रश्नांनी चित्रपटाचा आनंद उणावत नाही. चित्रपट आणि चरित्र यांच्या सीमारेषा मात्र स्पष्ट होतात.

५. स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘अमाडिअस’ आणि ‘बैजू बावरा’ या चित्रपटांत मृत्यूला कोणते कारण पुरवले आहे?
२. ‘मी वसंतराव’मधील दीनानाथांच्या चित्रणाची जमेची बाजू आणि मर्यादा लिहा.

६. उपक्रम

आपल्या गावातील अकाली निधन पावलेल्या एखाद्या भजनी गायकाची, गोंधळ्याची किंवा शाहिराची माहिती कुटुंबीयांच्या संमतीने मिळवा. तो कोणाकडून शिकला, कोठे गायला, उपजीविकेसाठी काय करत होता, हे आधी लिहा. त्याच्या मृत्यूविषयीचे वाक्य सर्वांत शेवटी लिहा आणि त्यात फक्त घडले तेवढेच सांगा.