चोवीस की अठ्ठावीस?

गॅरेजच्या उस्तादांनी कार्बोरेटरचा मेन जेट चिमटीत धरला, उजेडाकडे केला आणि एक डोळा मिटून त्यातून पाहिलं. सुईच्या नेढ्याएवढं छिद्र. त्यात मिठाच्या खड्याएवढा कचरा अडकला, तरी साडेतीनशेची बुलेट चढावर दम टाकते. जेट फडक्यावर ठेवून ते म्हणाले, "कार्बेटर तुम्ही म्हणाल तो बसवतो. पण गाडी कुठं अन् किती पळवायलाव, ते आधी सांगा."

प्रश्न साधा होता, पण सल्ला देणाऱ्या एकाही मित्राने तो विचारला नव्हता. माझ्याकडे वडिलांची बुलेट आहे. बिडाच्या सिलिंडरची, उजव्या पायाच्या गिअरची. तिच्या जुन्या कार्बोरेटरची स्लाइड झिजून इतकी ढिली झाली होती, की कडेने हवा घुसायची आणि सिग्नलला गाडी आयडलिंग धरत नसे. नवा घ्यायचाच होता. "पाचशेच्या बुलेटचा अठ्ठावीसचा टाक, पिकअप बघ मग," असं प्रत्येक जण सांगत होता.

आणि माझी रपेट कोणती? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. १४० किलोमीटरच्या आसपास. ताशी ५५-६०च्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, वाटेत दोनदा चहा.

बुलेट ३५०च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, मिळून ३४६ सीसी. फोरस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्या धरल्या, तर १,५०० श्वास. प्रत्येक वेळी छाती पूर्ण भरली तरी सुमारे ५१९ लिटर हवा. कार्बोरेटरचा गळा या हवेसाठी असतो. अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जाऊन फवारा होतो. कारखान्याने साडेतीनशेला २४ मिलिमीटरचा मिककार्ब दिला, पाचशेला २८चा. फरक चारच मिलिमीटरचा वाटतो, पण गळ्याचं क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. टॉप गिअरमध्ये हळू चाललेल्या गाडीचा एक्सलेटर झटक्यात पिळला, की या रुंद गळ्यात हवा मंदावते, जेटवरची ओढ सुटते आणि इंजिन क्षणभर अडखळतं. वरच्या फेऱ्यांत २८चा मोकळा श्वास कामाला येतो, हे खरं. पण त्या फेऱ्यांत मी गाडी नेतो कधी?

अमेरिकेतल्या जुन्या मसल कारवाल्यांचीही हीच चूक होते. तिथेही आकडा ३५०च, फक्त घनइंचांचा, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन. साडेपाच हजार फेऱ्यांना, सिलिंडर पूर्ण भरले असं धरलं तरी, त्याला मिनिटाला ५५७ घनफूट हवा पुरते. तरी कुणी साडेआठशे घनफुटांचा चार तोंडांचा होली कार्बोरेटर चढवतो आणि रविवारच्या संथ फेरीत गाडी धड चालत नाही म्हणून हळहळतो.

उस्तादांनी मग एक्सलेटरच्या मुठीवर खडूने खुणा केल्या. मला या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो. मूठ जेमतेम उघडली, की पायलट जेट आणि हवेचा स्क्रू काम करतात. त्यापुढे पाव उघडेपर्यंत स्लाइडच्या खालचा तिरका काप. पाव ते पाऊण स्लाइडला लटकणारी सुई, म्हणजे नीडल. मेन जेटची सत्ता त्यानंतर सुरू होते. माझी खूण पावाच्या जरा पुढे होती. ज्या मेन जेटच्या नंबरावरून आम्ही वाद घालत होतो, त्याच्यापर्यंत माझी मूठ महिनोन् महिने पोचतही नव्हती. सगळी रपेट नीडलवर चालली होती.

म्हणून चोवीसचाच घेतला. पुढच्या पिढीच्या ३५०वर व्हॅक्यूमने स्लाइड उचलणारा कार्बोरेटर आला. तो मऊ चालतो, पण त्याचा रबरी पडदा फाटला तर अहमदपूरला दुरुस्ती कुठे करायची? मिककार्ब पान्याने आणि स्क्रूड्रायव्हरने उघडतो. त्याचं घराणंही जुनं आहे. इंग्लंडमध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन १९२७ साली अमल झाली, १९६० साली जपानच्या मिकुनीने अमलचं तंत्र घेतलं, आणि मिककार्ब त्याच वळणाचा.

खरी अडचण गळ्याची नव्हतीच, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची होती. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं, की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नव्या इंजेक्शनच्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर असतो, ती आपलं आपण जुळवून घेते. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो, मिश्रण कोरडं पडतं आणि मे महिन्यात इंजिन तापतं. लातूरच्या शिवारात उसाचे फड पाहताना आता मला माझा नीडल आठवतो. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला इथेनॉलचे पैसे मिळावेत हे मला मनापासून पटतं, म्हणून जुन्या गाडीनेच थोडं बदलायला हवं. जुने रबरी भाग काढून इथेनॉलला टिकणारे घातले. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर वाटी रिकामी करतो, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

एअर फिल्टरचा डबा मात्र काढू दिला नाही. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते; उघड्या जाळीच्या फॅशनेबल फिल्टरने ती सिलिंडरमध्ये नेण्यात काय शहाणपण?

लातूर नांदेडपेक्षा अडीचशेहून अधिक मीटर उंच आहे, हवा किंचित विरळ. तेवढ्यासाठी जेट बदलायला लागत नाही. उस्तादांनी नीडलची क्लिप तिसऱ्या खाचेतून चौथ्या खाचेत उतरवली. क्लिप खाली गेली की नीडल वर उचलला जातो आणि पेट्रोल जरा जास्त सुटतं. "अहमदपूरला प्लग काढून बगा," एवढंच म्हणाले.

अहमदपूरच्या अलीकडे साठच्या वेगात क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला घेतली. फडक्यात धरून प्लग काढला. क्लिप तिसऱ्या खाचेत असताना, पहिल्या फेरीला, त्याची चिनीमाती पांढरीफटक होती. आज तिच्यावर दुधाच्या चहाचा रंग चढला होता. उस्तादांना फोन लावला.

"मंग राहू द्या चौथ्यातच," ते म्हणाले, "अन् येताना वाटीतला कचरा बगून घ्या."