दादर : एक नाव, दोन स्थानके

मुंबईस प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला आपण सहज सांगतो, ‘दादरला उतरा.’ परंतु श्रोतेहो, दादर म्हणजे शेजारीशेजारी उभी असलेली दोन स्थानके होत.

याचे मूळ इतिहासात आहे. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. गुजरातेतून येणारा लोहमार्ग दुसऱ्या कंपनीचा. तो १८६४ साली ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. हे दोन मार्ग दादरला अगदी जवळ येतात आणि उत्तरेस पुन्हा दुरावतात. एक माटुंग्याला जातो, दुसरा माटुंगा रोडला.

५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या. फलाटांचे क्रमांक मात्र दोन्हीकडे एकपासूनच सुरू होत. दादरला ‘एक नंबरचा फलाट’ दोन ठिकाणी असे! नवखा प्रवासी सामानसुमान घेऊन पुलावरून भलत्याच फलाटावर उतरे, आणि तेवढ्यात त्याची गाडी सुटे.

९ डिसेंबर २०२३ पासून हा घोळ मिटला. पश्चिम रेल्वेचे फलाट एक ते सात राहिले. मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. आता पुलावरून शिवाजी पार्कच्या बाजूकडून हिंदू कॉलनीकडे चालू लागले, की अंक क्रमाने वाढत जातात.

दोन्ही रेल्वेंचा कारभार आजही वेगळाच आहे. पण प्रवाशाला कारभाराच्या सीमा ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला आपली गाडी सापडली पाहिजे. एवढी साधी गोष्ट घडण्यास बहात्तर वर्षे लागली.